वापरलेली विद्युत् मोटार आणि बॅटरीचा बागुलबुवा

‘विजेची गाडी घ्यायचीच असेल तर नवी घ्यावी, वापरलेली घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे’ हा उपदेश हल्ली गृहनिर्माण संस्थेच्या सभेपासून गॅरेजातल्या बाकड्यापर्यंत सर्वत्र इतक्या ठामपणे केला जातो की, त्याच्यामागे सबळ पुरावा असलाच पाहिजे असे ऐकणाराने गृहीत धरावे. उपदेश करणारी मंडळी बहुधा अनुभवी असतात. पेट्रोलच्या चार-दोन गाड्या त्यांनी घेतलेल्या-विकलेल्या असतात, इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचे वय सांगण्याची त्यांची ख्याती असते, आणि म्हणूनच नवशिक्या खरेदीदाराला त्यांचा शब्द प्रमाण वाटतो. त्यांच्या फिर्यादीची कलमे चार. पहिले असे की, गाडीची बॅटरी ही मोबाइलच्या बॅटरीसारखीच असून दोन-तीन वर्षांत ती निकामी होते. दुसरे असे की, ती बदलावयाची झाल्यास खर्च गाडीच्या किमतीइतका येतो. तिसरे असे की, तिची खरी अवस्था बाहेरून कोणालाच कळत नाही. आणि चौथे, जे निर्णायक म्हणून सर्वांत शेवटी मांडले जाते, ते असे की, या गाड्यांचे भाव बाजारात इतके कोसळतात, त्या अर्थी बाजारालाच त्यांची लायकी कळून चुकली आहे. या चारही कलमांचा क्रमाने परामर्श घेणे अगत्याचे आहे. कारण ती केवळ चुकीची असती तर दुर्लक्ष करून भागले असते, परंतु त्यांच्यामुळे खरेदीदाराची नजर भलतीकडे खिळून राहते आणि जे दोष खरोखर पाहावयाचे ते पाहावयाचे राहून जातात.

मोबाइलचा दाखला प्रथम घेऊ. मोबाइलची बॅटरी जवळजवळ रोज रिकामी होते आणि रोज भरली जाते. तिला थंड ठेवणारी कोणतीही स्वतंत्र योजना नसते, आणि उन्हाळ्यात ती खिशात तापत असतानाही आपण तिच्याकडून काम घेतच राहतो. गाडीचे गणित निराळे आहे. टाटांची टियागो ही लहान विद्युत् मोटार २०२२च्या सप्टेंबरात बाजारात आली. तिच्या मोठ्या बॅटरीची धारणक्षमता २४ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २४ युनिट. चाचणीतील दावा ३१५ किलोमीटरांचा असला तरी रस्त्यावर एका भरण्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर मिळतात असे धरून चालू. कंपनीने बॅटरीला दिलेली हमी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरांची, यांपैकी जे आधी संपेल त्याची. एवढे अंतर तोडण्यासाठी बॅटरी पूर्ण भरून पूर्ण रिकामी होण्याची आवर्तने किती होतील? आठशे. रोज एकदा भरल्या जाणाऱ्या मोबाइलची तेवढीच आवर्तने सव्वादोन वर्षांत उरकतात. शिवाय गाडीत द्रवाने थंड राखण्याची व्यवस्था असते, आणि प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर पहारा करणारे नियंत्रक यंत्र असते. रसायन तत्त्वतः एकाच कुळातले आहे म्हणून दोघांचे आयुष्यही सारखेच असावे, हा तर्क सगोत्र माणसांच्या पत्रिका एकच मानण्यासारखा आहे.

हा समज आला कोठून, याचाही उलगडा करता येतो, आणि तो केला पाहिजे. कारण प्रतिपक्षाची भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या देशात लोकांनी रस्त्यावर पाहिलेली पहिली विजेची छोटी मोटार म्हणजे बंगळुरूची रेवा. ती २००१ साली विक्रीस आली आणि तिच्यात शिशाच्या आम्लयुक्त बॅटऱ्या होत्या, ज्या काही वर्षांनी बदलाव्याच लागत. ती कंपनी २०१० साली महिंद्रांच्या ताब्यात गेली, २०१३ साली तिची लिथियमवर चालणारी पुढची आवृत्ती आली, पण जनमानसात ‘विजेची गाडी म्हणजे बॅटरी बदलणे’ हे समीकरण तोवर पक्के बसले होते. परदेशातला पुरावा निसानच्या लीफचा. २०१०च्या अखेरीस विक्रीस आलेल्या या मोटारीच्या बॅटरीला थंड करण्याची सक्रिय व्यवस्थाच नव्हती. परिणामी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात तिची धारणक्षमता झपाट्याने घटू लागली, २०१२ साली ग्राहकांनी गिल्ला केला, आणि कंपनीला धारणक्षमतेची स्वतंत्र हमी जाहीर करणे भाग पडले. म्हणजे भीतीला इतिहास आहे. परंतु तो इतिहास शिशाच्या बॅटरीचा आणि न थंडावणाऱ्या बॅटरीचा आहे, आणि त्याच्या आधारे आजच्या द्रवशीतित लिथियम बॅटरीवर निकाल देणे हे एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला शिक्षा ठोठावण्यासारखे होय. कॅनडातील जिओटॅब या वाहननिरीक्षण करणाऱ्या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ साली बॅटरीच्या घटीची वार्षिक सरासरी १.८ टक्के सांगितली. जळगाव-नागपूरचा वैशाख त्या गाड्यांनी पाहिलेला नाही, हे मी स्वतःच नमूद करतो; पण हा आकडा उन्हापायी दुप्पट धरला तरी पाच वर्षांत अठरा टक्क्यांची घट होते, आणि अठरा टक्के घटलेल्या गाडीला निकामी म्हणता येत नाही. रोज चाळीस किलोमीटर ये-जा करणाऱ्या माणसाला ती घट आठवड्यातून एखादे वेळी जास्त चार्जिंग करण्यापलीकडे जाणवणारही नाही.

दुसरे कलम बदलीच्या खर्चाचे. सबंध बॅटरीसंच विकत घेण्याची किंमत भारी आहे, यात वाद नाही. पण ती किंमत कोणी, केव्हा आणि का मोजायची, हा प्रश्न आक्षेपक विचारीतच नाहीत. तीन वर्षांची गाडी घेणाराच्या पदरी हमीची पाच वर्षे शिल्लक असतात, बशर्ते हमी गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात असेल. आणि ती जाते की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न सोडता हमीपत्रातील मजकूर वाचून ठरवावयाचे असते. काही कंपन्यांनी अलीकडे ‘आजीवन’ म्हणून गाजवलेली बॅटरीची हमी पहिल्या मालकापुरतीच मर्यादित असते, ही गोष्ट जाहिरातीत ठळक अक्षरांत आढळत नाही. पुराचे पाणी, अपघात, अनधिकृत दुरुस्ती, चुकवलेली सर्व्हिसिंग ही हमी रद्द होण्याची नेहमीची कारणे. म्हणून सर्व्हिसिंगच्या नोंदी या येथे निव्वळ उपचाराचा कागद नसून हमी जिवंत असल्याचा दाखला होत. ज्याच्या हाती हा दाखला आहे त्याने बदलीच्या खर्चाला भिण्याचे कारण नाही, आणि ज्याच्या हाती तो नाही त्याने तो खर्च भावातून वजा करून मागावा. पेट्रोलच्या गाडीत इंजिन उघडावे लागेल या शक्यतेचे मूल्य आपण याच रीतीने सौद्यात धरत आलो आहोत.

तिसरे कलम, बॅटरीची अवस्था कळत नाही हे, चारांत सर्वांत दुबळे असूनही सर्वांत प्रभावी ठरले आहे; म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पेट्रोलच्या इंजिनाची झीज आजवर आपण धुराच्या रंगावरून, तेलाच्या वासावरून आणि मेकॅनिकच्या मुद्रेवरून ताडत आलो. बॅटरी मात्र आपल्या अवस्थेचा आकडा स्वतः नोंदून ठेवते. अधिकृत सर्व्हिस सेंटरात तिचा अहवाल मागता येतो. न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरलेल्या लीफ गाड्या मोठ्या संख्येने आल्या, आणि तेथे विक्रीच्या जाहिरातीत किलोमीटरांइतकाच बॅटरीच्या आरोग्याचा टक्का सांगण्याचा शिरस्ता पडून गेला; आपल्याकडे तो अद्याप पडला नाही, याचा दोष बॅटरीकडे जात नाही. तो न विचारणाऱ्या ग्राहकाचा आणि न सांगणाऱ्या दलालाचा आहे.

अहवाल मिळेना तर स्वतः हिशेब करता येतो. गाडी शंभर टक्के भरलेली घ्यावी, फेरीचा मीटर शून्यावर आणावा, आणि गावातला थोडा, हमरस्त्यावरचा थोडा असा ऐंशी किलोमीटरांचा फेरफटका मारावा. समजा, परतल्यावर चाळीस टक्के खर्ची पडले आणि मीटरने किलोमीटरमागे सरासरी ११० वॅट-तासांचा वापर दाखवला, म्हणजे ८.८ युनिट खर्च झाले. चाळीस टक्क्यांना ८.८, तर शंभर टक्क्यांना २२. नवेपणी २४ असलेल्या बॅटरीत आज सुमारे ब्याण्णव टक्के दम आहे. हिशेब ढोबळ आहे, मीटर दोन-चार टक्के इकडेतिकडे होतो, पण सुस्थितीतली गाडी आणि खिळखिळी झालेली गाडी यांतला भेद इतक्याने लख्ख होतो. याउलट ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ म्हणून पडद्यावर झळकणारा आकडा हा पुरावा म्हणून मुळीच स्वीकारू नये; तो मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो, आणि विक्रेत्याने आदले दोन दिवस गाडी मुंगीच्या पावलांनी चालवली असेल तर तो कितीही गोंडस होऊ शकतो.

येथे एक बारकावा असा आहे, जो भिणाऱ्यांनाही ठाऊक नाही आणि न भिणाऱ्यांनाही. टाटांच्याच नेक्सॉनसारख्या अनेक भारतीय गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचे सेल असतात. त्यांचे व्होल्टेज भरलेल्या अवस्थेपासून बरेच खाली येईपर्यंत जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे आत किती वीज उरली याचा अंदाज नियंत्रकालाही अवघड जातो, आणि मालकाने महिनोन्‌महिने गाडी अर्धवटच भरली असेल तर पडद्यावरचा टक्का पंधरा-वीसवरून एकाएकी कोसळतो. हा प्रकार पाहून ‘बॅटरी गेली’ असा पुकारा होतो. वास्तविक संथ चार्जरवर शंभर टक्क्यांपर्यंत एक-दोनदा भरल्यावर सेल समतोल होतात आणि पुष्कळ वेळा दोष नाहीसा होतो. जो नाहीसा होत नाही तो मात्र खरा दोष, एखादा सेल दुबळा झाल्याचा. दुबळा सेल भरलेल्या गाडीत लपून राहतो आणि रिकाम्या होत चाललेल्या गाडीत, चढावर जोर मागितला असता, उघडा पडतो. विक्रेता गाडी नेहमी भरलेली दाखवतो. खरेदीदाराने ती वीस टक्क्यांच्या खाली आणून घाटात किंवा उड्डाणपुलावर पाहावी. बॅटरीला घाबरून पळणारा ही परीक्षा करीत नाही आणि बॅटरीवर विश्वासून पैसे मोजणाराही करीत नाही. दोघांचेही नुकसान एकाच आळसामुळे होते.

चौथे कलम भावाचे. भाव पडले हे खरे. पण का पडले? २०२४च्या फेब्रुवारीत टाटांनी बॅटरीचे दर उतरल्याचे कारण देऊन नव्या टियागोची किंमत सत्तर हजारांपर्यंत आणि नव्या नेक्सॉनची एक लाख वीस हजारांपर्यंत उतरवली. नवी वस्तू एका रात्रीत स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच रात्री पडतो, त्या जुनीत बिघाड झालेला असो वा नसो. त्याखेरीज नव्या आवृत्त्यांत बॅटऱ्या मोठ्या होत गेल्या: नेक्सॉन २०२० साली ३०.२ युनिटांची आली, तर २०२२ साली तिची ४०.५ युनिटांची बहीण निघाली; साहजिकच पहिलीचे आकर्षण ओसरले. या कारणांचा बॅटरीच्या झिजेशी काडीचाही संबंध नाही. भाव पडल्याने ज्याचे नुकसान व्हायचे त्या पहिल्या मालकाचे ते होऊन गेलेले असते. दुसऱ्या खरेदीदाराच्या दृष्टीने तीच घसरण सवलत ठरते. पहिल्याच्या तोट्याचे भय दुसऱ्याला घालणे ही अर्थशास्त्राची थट्टा होय.

आता या बागुलबुवाच्या मूळ अपराधाकडे वळू. ज्याचे सारे चित्त बॅटरीने व्यापले आहे, तो गाडीच्या उरलेल्या अंगांकडे पाहतच नाही; आणि नित्याचे दोष तर तेथेच असतात. त्यांत पहिला मान बारा व्होल्टच्या साध्या, जुन्या चालीच्या बॅटरीचा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारी विद्युत्-कळ या लहान बॅटरीच्या बळावरच मिटते. ती थकली की लाखो रुपयांची गाडी फाटकात मुकाट उभी राहते आणि पडद्यावर भयंकर भाषेतले इशारे उमटू लागतात. कित्येक मालकांनी अशा इशाऱ्याला घाबरून गाडी कवडीमोलाने विकल्याच्या हकिकती गॅरेजवाले सांगतात. दुसरा दोष चार्जिंगच्या तोंडाचा. झाकण उघडून दिव्याच्या उजेडात पिना पाहाव्यात. काळपट डाग, वितळलेल्या प्लॅस्टिकची कडा, किंवा आत जाताना अडखळणारे कुलूप दिसले तर कोठेतरी ढिल्या सॉकेटवर किंवा अर्थिंग नसलेल्या वायरीवर गाडी दीर्घकाळ भरली गेली, असे समजावे. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी भरते एवढे पाहून समाधान मानू नये. सार्वजनिक जलद चार्जरलाही ती प्रत्यक्ष लावून पाहावी, कारण संथ चार्जिंगचा परिवर्तक गाडीच्या आत असतो आणि जलद चार्जिंगचा बाहेर, त्यामुळे एक चालते म्हणून दुसरे चालेल असे नाही.

तिसरा दोष वातानुकूलन यंत्राचा. ज्या गाडीत तेच यंत्र बॅटरीलाही थंड ठेवते, तेथे गारवा कमी होणे ही प्रवाशाच्या सुखापुरती बाब उरत नाही. चौथा दोष ब्रेकचा, आणि तो चमत्कारिक आहे: मोटारच गती रोखून वीज परत घेत असल्याने ब्रेक झिजत नाहीत म्हणून विक्रेते फुशारकी मारतात, परंतु न वापरलेल्या ब्रेकच्या तबकड्या गंजतात आणि त्यांचे जबडे अडकतात, रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तर हे हमखास तपासावे. बॅटरीच्या भारामुळे टायर आणि सस्पेन्शन लवकर झिजतात. शांत गाडीत साठच्या वेगाला बारीक घूं-घूं ऐकू आली तर गिअरपेटीतील बेअरिंगचा संशय घ्यावा. ज्या शांततेची जाहिरात होते तीच येथे परीक्षकाच्या कामी येते.

आणि सर्वांत गंभीर दोष पाण्याचा. कोल्हापूर-सांगलीला २०१९ साली, चिपळूणला २०२१ साली आणि पुण्याच्या सिंहगड रस्त्याला २०२४ साली जे पाणी शिरले, त्यात बुडालेल्या मोटारी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात, ही गोष्ट जुन्या बाजारात कोणापासून लपलेली नाही. बॅटरीपेटीवर आयपी-६७ची खूण असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ती तग धरेल. घरापुढे दोन दिवस साचलेल्या गाळाच्या पाण्याचे अभय त्यात दिलेले नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. धुणारा गालिचा धुतो, डॅशबोर्ड चमकवतो, पण बेल्टची ती शेवटची वीतभर पट्टी कोणी धूत नाही. तिच्यावर आडवी मातकट रेघ दिसली की पुढची बोलणी थांबवावीत. मग गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या पेटीचा तळ पाहावा; गतिरोधकावर घासल्याचे ओरखडे चालतील, पोचा किंवा उखडलेली कड चालणार नाही.

इतके लिहिल्यावर विक्रेत्यांच्या बाजूने ‘विजेच्या गाडीत बिघडण्याजोगे आहेच काय’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी हा लेख आपल्या समर्थनार्थ फिरवू नये. त्यांचे प्रतिपादन आक्षेपकांच्या प्रतिपादनाइतकेच बेजबाबदार आहे, कारण दोन्हींचा परिणाम एकच, परीक्षा टाळण्याचा. त्यातही कागदपत्रांच्या बाबतीत विजेच्या गाडीने काही नवीनच गुंते निर्माण केले आहेत. २०२४ साली एमजी कंपनीने लहान कॉमेट गाडी बॅटरीवाचून कमी किमतीस देऊन बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे आकारण्याची योजना काढली. अशी गाडी दुसऱ्या हाती घेणाराने गाडीवरचा बोजा उतरला म्हणून निर्धास्त न होता बॅटरीवरचा करार कोणाच्या नावे उभा आहे, याचीही खातरजमा केली पाहिजे. युरोपात रेनॉच्या झोई गाडीची बॅटरी भाड्याने देण्याची पद्धत होती, आणि गाडी स्वस्तात घेणाऱ्यांना मागाहून दरमहा भाड्याचे बंधन गळ्यात पडल्याचा अनुभव तेथे जुना आहे. भाड्याने धावलेल्या गाड्यांचे प्रकरण आणखी निराळे: २०२५च्या एप्रिलमध्ये ब्लूस्मार्ट ही विद्युत् टॅक्सीसेवा बंद पडली, आणि तिच्या गाड्या कर्जावर घेतलेल्या व दुसऱ्या कंपनीच्या मालकीच्या असल्याचे सर्वांसमोर आले. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असली तर गाडी खासगी आणि पिवळी असली तर व्यावसायिक, हे पाटीवरून दिसते. परंतु पाटी बदललेली असू शकते, म्हणून आर. सी.च्या नोंदीत आधीचा प्रकार, मालकांची संख्या आणि बँकेचा बोजा पाहावा, बोजा असल्यास ३५ क्रमांकाच्या फॉर्मवर तो उतरवून घ्यावा, आणि २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म सहीनिशी हाती आल्याखेरीज शेवटची रक्कम देऊ नये.

प्रतिपक्षाला आता एवढेच सांगणे आहे की, ‘घेऊ नका’ हा सल्ला देणे सोपे आहे, कारण तो कधी खोटा ठरत नाही. न घेतलेली गाडी बिघडत नाही. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाला सात-आठ लाखांची नवी विद्युत् मोटार परवडत नसेल आणि चार-पाच लाखांत तीन वर्षे वापरलेली, हमी शिल्लक असलेली, पारखून घेतलेली मोटार मिळत असेल, तर तिच्यापासून त्याला केवळ ऐकीव भीतीने परावृत्त करणे हा हितोपदेश नव्हे. वाचकांनी आपला नियम एकच ठेवावा: बॅटरीचा अहवाल किंवा स्वतः केलेला ऐंशी किलोमीटरांचा हिशेब, हमी आपल्या नावे चालू राहील असे कंपनीचे लेखी उत्तर, आणि बोजाविरहित आर. सी. ही तिन्ही हाती असतील आणि वर सांगितलेल्या परीक्षांत गाडी उतरली असेल तर ती खुशाल घ्यावी; यांतले एक जरी नसेल तर भाव कितीही पडलेला असो, बयाणा देऊ नये.